ताज्या खुंटावरचा वाळलेला छाप

भूतखेत, करणी, मूठ... असलं मी आयुष्यात कधी मानलं न्हाई. चौथी शिकलेला माणूस, पण सरकारी जंगलात गार्ड व्हतो. दिसलं तेवढंच लिहायचं, ही सवय. तरी एक गोष्ट डोक्यातून जात न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन सालं. जालना जिल्हा तवा झालेला नव्हता. भोकरदनच्या उत्तरंला, डोंगराच्या कडंला आमचं राखीव जंगल. दर गार्डाला खात्याचा एक लोखंडी हातोडा, तोंडावर त्याचा नंबर. झाड चोरून तुटलं की बुडाशी राह्यलेल्या खुंटावर तो छाप ठोकायचा, वहीत लिहायचं, मंग केस. छाप नसलेला खुंट साहेबाला दिसला की गार्डाची नोकरी गेली. अन् छाप असलेला खुंट म्हंजे लिहून झालेला, त्यावर पुन्हा केस होत न्हाई.

एका दुपारी माझी बायको सुंदरा भाकर घेऊन आल्ती. तेवढ्यात कुऱ्हाडीचा आवाज आला. दोघंबी पळालो. पाह्यलं तर धावडा तोडलेला, ढलप्या ओल्या, अन् खोड गायब — ओढल्याची खूणबी न्हाई. जवळ गावातला किसन उभा, हातात कुऱ्हाड.

किसनचं माझं वाकडं व्हतं. पारावर चार लोकांत मला "लाकडं राखणारं कुत्रं" म्हणला व्हता. म्हणलं, घावला बराबर.

"गार्डसाहेब, मी आत्ता आलो. आवाज ऐकूनच आलो."

"खोड कुठंय?"

"मी काय खिशात घातलं का?"

सुंदरानं त्याची कुऱ्हाड घेतली, पात्यावर बोट फिरवलं. "धावड्याचा चीक लागतोच. ही तर कोरडी ठाक हाये."

"तू भाकर सोड. ड्यूटी माझी हाये."

खरं सांगतो, मला तिचं पटलं व्हतं. तरी किसनला सोडायचं न्हाई, असं ठरवलं. पिशवीतून हातोडा काढला, खुंटावर वाकलो... तर छाप आधीच मारलेला. नंबर माझाच. आकड्यांत डिंक भरून वाळलेला, नखानं खरडावा लागला. बाजूचं लाकूड मात्र ओलंगच्च. वही चाळली — त्या झाडाची नोंदच न्हाई. अन् हातोडा मी कधी कुणाच्या हाती दिला न्हाई, झोपतानाबी उशाशी असायचा.

किसनला म्हणलं, जा. दुसरं काय करणार? साहेबाला रिपोर्ट दिला, जे दिसलं ते सगळं लिहून. तो म्हणला, "तूच मारून विसरला असशील, मर्दा."

सुंदरा आठ महिन्यांमागं गेली. आता चूल मीच पेटवतो. दवाखान्यात तिच्या उशाशी बसलो व्हतो, तवा इचारलं, "तो छाप कुणी मारला असंल गं?"

ती हसली. "मला काय इचारता? तुमीच मारला. किसनला सोडायचं व्हतं, पण तोंडानं म्हणवलं न्हाई तुमाला."

"अन् वाळलेला डिंक?"

"ते तुमचं तुमी जाणा. त्या दिवशी मला लई बरं वाटलं व्हतं."

मी म्हणलं, "अगं, मी न्हाई मारला. मी तर त्याला आत टाकणार व्हतो."

"बरं," म्हणली, अन् माझा हात थोपटला. चार दिवसांनी गेली.

छाप कुणी मारला, मला आजबी ठाऊक न्हाई. पण तो मी नव्हता मारला — तिला एवढं पटवायचं राह्यलंच.