झडपेची चूल कोलशेतला निघाली

कोपरहून टेम्पो निघाला तेव्हा मागे माझी पत्र्याची नवी चूल होती, आणि पुढे आईच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेली तिची मातीची.

"ती कशाला घेतलीस?"

"असू दे गो. तुझी रुसली तर माझी हाय."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, तीही मेकॅनिकलची. हे सांगायला मी लाजत नाही. आई हळदीच्या जेवणांना तांदळाच्या भाकऱ्या करून देते. ती जाते त्या आगरी घरांत हळदीला गॅसवरची भाकरी चालत नाही, आणि डॉक्टर म्हणाले, आईचा खोकला धुराचा आहे. म्हणून मी चित्र काढून एमआयडीसीत चूल बनवून घेतली. पुढे दार, दाराखाली हवेसाठी सरकती झडप, मागे धुराचं नळकांडं. आई म्हणाली, कोलशेतच्या हळदीत जमली तर ठेवू, नाहीतर परत माती.

मोठागावच्या पुलावर आलो. खाली ओहोटी, चिखलात तिवरं उघडी पडलेली. पूल नव्हता तेव्हा ठाण्याला जायला केवढा वळसा पडायचा. पण माझं लक्ष खाडीत नव्हतं, मी सारखी मागे वळून चूल बघत होते. माणकोलीच्या गोदामांपाशी टेम्पो खड्ड्यात आदळला आणि नळकांडं रस्त्यावर गडगडलं.

"मॅडम, तुमची तोफ पडली," ड्रायव्हर म्हणाला. त्यानेच ते दगडाने ठोकून सरळ केलं.

कशेळीला ट्रॅफिक, बाळकुमला ट्रॅफिक. कोलशेतला टॉवरांच्या मागे गावठाणात मांडव होता. आत धवलारीण (लग्नातली गाणी म्हणणारी बाई) गात होती. नवऱ्यामुलाची आत्या माझ्या चुलीभोवती फिरली.

"भाकरी हवी बाय, कोळशाची इस्त्री नको."

आईने चूल पेटवली आणि सवयीने लांब लाकडं आत सारली. मातीच्या चुलीत लाकूड बाहेरच राहतं, जाळ वाढला की मागे ओढायचं. इथे दार लागेना. उघड्या दारातून वारा शिरला, जाळ भडकला आणि पहिली भाकरी काळी झाली.

आत्याने ती उचलून बाजूला ठेवली. ते जास्त लागलं.

मी लाकडं तोडून घेतली, दार लावलं आणि गॅसचं बटण फिरवावं तशी झडप पूर्ण बंद केली. जाळ कमी झाला का बघायला दार उघडलं, तर धुराचा लोट थेट आईच्या तोंडावर. ती खोकत मांडवाबाहेर गेली. मी झडप उघडली, परत लावली, परत दार उघडलं.

आई पदराने डोळे पुसत आली. "हात लावू नको. जरा बस."

"आई, हवा कमी पडली की लाकूड नुसतं धुमसतं. आधी झडप पूर्ण उघडी ठेवून निखारा धरू दे, मग अर्धी लाव."

"मग तेच तर सांगते. धरू दे."

मी बसले. हात मांडीखाली दाबून बसले. झडप सताड उघडी, नळकांड्यातून आधी दाट, मग पातळ धूर, मग नुसती हवा थरथरताना. आईने तव्यावर तळवा धरून पाहिला आणि झडप स्वतः अर्ध्यावर सरकवली. पुढची भाकरी फुगली. आत्याने तिचा तुकडा मोडला.

"इस्त्री बरी हाय."

संध्याकाळपर्यंत मधेच लाकूड टाकायचं, तेवढ्यापुरती झडप उघडायची, परत अर्धी, हे सगळं आईच करत होती. मला तिने पिठाला लावलं. जेवायला मटण आणि तिच्याच भाकऱ्या.

परतताना आईच्या पायाशी गोणपाट नव्हतं.

"चूल विसरलीस?"

"आत्याला दिली. अंगणात पाणी तापवायला."

पुलावर खाडी भरून आली होती. या वेळी मी मागे वळून पाहिलं नाही. बराच वेळ आई खोकलीही नाही. मोठागाव आलं तेव्हा ती म्हणाली, "झडप कडक हाय. उद्या तेल घाल तिला."