जानेवारीच्या पानावरचा बर्फ

ज्ञानदेव साळवे यांनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या दुकानात, लाकडाच्या भुशात झाकलेला. तरीही सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरात एका अख्ख्या गावावर पडलेला बर्फ दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे आलं.

साळवे शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात रंगदुरुस्ती करत. रंगीत चित्र छापायचं तर त्याच्या चार फिल्म निघतात, निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. प्रत्येकीवर सुईच्या टोकाएवढे ठिपके असतात. जिथे रंग जास्त झाला असेल तिथे ब्रशने औषध लावून ठिपका झिजवायचा. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर वाकून, डोळ्याला भिंग लावून साळव्यांनी हे एकतीस वर्षं केलं. मिठाईचे खोके केले, साड्यांच्या जाहिराती केल्या, आणि सगळ्यात जास्त केली ती देवांची कॅलेंडरं. त्यांच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते. मुलाने मात्र शेकडो देवांचे गाल उजळले. कुणी त्यावरून चिडवलं तर साळवे म्हणत, "आमची ओळख फक्त कामापुरती आहे."

पहिल्या उस्तादाने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. पांढरं म्हणजे कोरा कागद. पांढऱ्यात एक जरी ठिपका राहिला तरी गिऱ्हाईक म्हणतं, मळकट छापलंत.

त्या वर्षी मालक आगाशे यांनी वरच्या मजल्यावर स्कॅनर आणि कॉम्प्युटर आणला. खोलीला एसी बसवला आणि अभिनव नावाचा ऑपरेटर नेमला. साळवे चार महिने त्याच्याशी बोलले नव्हते. भांडण काहीच नव्हतं. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, एवढंच.

काम होतं कोथरूडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं. तिची बरीचशी गिऱ्हाइकं हॉलंडची. त्यांना नव्या वर्षाची भेट म्हणून कॅलेंडर पाठवायचं होतं. बारा महिन्यांना त्यांच्याकडची साडेचारशे वर्षांपूर्वीची बारा चित्रं, सगळी शेतकऱ्यांची. कुठे कापणी, कुठे गवताच्या गंजी, कुठे मेंढरं. जानेवारीला बर्फात बुडालेलं गाव होतं. आकाश हिरवट राखाडी, काळी उघडी झाडं, गोठलेली नदी, पाठीवर मोळी घेतलेली माणसं, आणि एका कोपऱ्यात शेकोटी.

आगाश्यांनी साळव्यांना बोलावून सरळ सांगितलं. "साळवे, दिवाळीनंतर खालचं टेबल बंद. अकरा चित्रं अभिनव करतोय, जानेवारीचं तुम्ही करा. कंपनीने पास केलं तर तुम्ही वर, रंग बघायला. नाही केलं तर बाइंडिंगला. तिथेही माणूस हवाच आहे."

बाइंडिंगला म्हणजे दिवसभर पानं लावायची आणि पुठ्ठे चिकटवायचे. साळवे "बरं" म्हणाले. घरी दांडेकर पुलाजवळच्या खोलीत त्यांनी हे बायकोला, हिराला, सांगितलं. ती म्हणाली, "अहो, एकतीस वर्षं देव गोरे केलेत. बर्फ तर आधीच गोरा असतो."

साळव्यांनाही तसंच वाटलं. चार दिवस खपून त्यांनी बर्फातला एकूण एक ठिपका काढून टाकला. आकाशातलं पिवळं झिजवलं, तसा त्याचा हिरवटपणा जाऊन छान निळं आकाश झालं. प्रूफ निघालं तेव्हा मशीनवरचे दोघे बघायला आले. एकजण म्हणाला, "साळवे, गॉगल लावून बघावं लागतंय!" साळव्यांना त्या दिवशी जेवणही गोड लागलं.

कंपनीकडून भाग्यश्री नावाच्या बाई आल्या. तिशीच्या, बोलायला मोकळ्या, प्रोजेक्टसाठी आठ महिने हॉलंडला राहून आलेल्या. प्रूफ हातात घेऊन त्यांनी ते डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं.

"काका, छान झालंय हो," त्या म्हणाल्या, "पण ह्यात ऊन पडलंय."

"ऊन?"

"म्हणजे, इथे थंडी वाजत नाहीये. तिथला विंटर असा नसतो. आणि तिकडे हे चित्र शाळेतल्या पोरांना पण माहितीये. असं पाठवलं तर हसतील आम्हाला."

आगाशे साळव्यांकडे न बघता म्हणाले, "मॅडम, आमच्या साळव्यांनी बर्फ घासूनपुसून लख्ख केलाय. धुण्याच्या पावडरवाल्यांना पाठवू का हे चित्र?"

भाग्यश्रीबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन दिवस दिले.

अडचण साधी होती. झिजवलेला ठिपका परत येत नाही. चारही फिल्म नव्याने काढायला हव्या होत्या, आणि त्या फक्त वर निघत. जिना चढायच्या आधी साळवे पाणी प्यायले, मग त्यांनी चपला काढल्या, मग दार लोटलं.

"अभिनव, तुझ्याकडे काम होतं."

"या ना काका. मला वाटलं होतं तुम्ही कधी वर येणारच नाही." त्याने खुर्ची पुढे केली. "सगळं उडवलंत ना? मी खाली प्रूफ बघितलं होतं."

"मग बोलला नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

साळवे खुर्चीत बसले. अभिनवने चित्र पडद्यावर आणलं आणि फिल्म काढायच्या आधी सहज मोठं करत नेलं. नदीकाठी नखाएवढी दिसणारी बाई पडदाभर झाली. साळव्यांनी चार दिवस भिंगातून त्या बाईचे ठिपके पाहिले होते, बाई पाहिलीच नव्हती. तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. खांदे कानापर्यंत वर आले होते. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत असावी, कारण एक टाच वर होती.

साळवे म्हणाले, "थांब जरा. हिला असंच राहू दे."

त्यांचं लहानपण शिरूरकडच्या गावात गेलं. आई, मालनबाई, पौष महिन्यात दुसऱ्यांच्या रानात कांद्याची रोपं लावायला जाई. सकाळी भिजवलेल्या वाफ्यात घोट्याएवढा थंड चिखल असे. बांधावर आली की ती अशीच उभी राही, हात काखेत घालून, पायांना गोणपाटाच्या पट्ट्या बांधून. त्या वेळचं आकाश साळव्यांना आठवलं. ते निळं नव्हतं. गवतावरचं दव पांढरं नव्हतं, राखेसारखं होतं. ऊन वर येईपर्यंत रानात पांढरं असं काही दिसतच नसे.

नव्या फिल्म घेऊन ते खाली आले. ह्या वेळी त्यांनी निळी, पिवळी आणि काळी फिल्म बाजूला ठेवून दिली. फक्त गुलाबी घेतली, चित्रातली ऊब तिच्यातच होती. शेकोटी आणि तिच्याभोवतीच्या माणसांची तोंडं औषध लागू नये म्हणून लाखेने झाकली आणि बाकी सगळ्या चित्रातली गुलाबी अगदी किंचित कमी केली. बर्फ मळकाच ठेवला. ब्रश दोन-तीनदा आपोआप त्याच्याकडे वळला, तेव्हा त्यांनी तो खाली ठेवला आणि चहा मागवला.

भाग्यश्रीबाईंनी दुसरं प्रूफ खिडकीपाशी नेलं.

"हं. आता कसं!" त्या म्हणाल्या. "काका, ह्या बाईच्या पायात काय आहे?"

"चिंध्या आहेत."

"मी इतके दिवस बूट समजत होते." त्यांनी कोपऱ्यात सही केली. "तुम्ही जाऊन आलात की काय तिकडे?"

"शिरूरच्या पुढे गेलो नाही," साळवे म्हणाले.

आगाश्यांनी सही तपासून घेतली. ते म्हणाले, "ठीक. सोमवारपासून वर. आणि साळवे, तिथे फार थंडी असते, स्वेटर आणा." 

दिवाळीनंतर काचेचं टेबल भंगारात गेलं. साळव्यांनी स्वतःच त्याचे स्क्रू काढून दिले. स्वेटर घालून ते वर गेले तेव्हा अभिनवच्या पडद्यावर एका नव्या जाहिरातीतलं आंब्याचं झाड होतं.

"काका, ह्यातलं हिरवं कमी करू का?"

एकतीस वर्षं ज्याचं उत्तर एका नजरेत दिलं होतं, त्या प्रश्नापाशी साळवे अडखळले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"आत्ताच काही करू नकोस," ते म्हणाले. "झाडाखाली कोण बसलंय ते आधी मला मोठं करून दाखव."