बक्षीसपत्रातलं नाव

पुण्याहून निघताना बायकोला एवढंच सांगितलं, अंबाजोगाईला काम आहे. पिशवीत बक्षीसपत्राचा मसुदा होता. पालीजवळची माझ्या वाटणीची तीन एकर वैजंताच्या नावे करायची होती. तिच्या घरानं तीन पिढ्या आमच्याकडे सालगडी (वर्षाच्या बोलीवर बांधलेला शेतगडी) म्हणून काढल्या. भावाला कुणकुण लागलीच. "दादा, ती बाई बांधावर दिसली तर काय होईल, मी सांगत न्हाई," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला होता.

मांजरसुंब्याला गाडी थांबली. लोक रबडीसाठी उतरले. मी जागचा हललो नाही. एकोणीस वर्षांचा असताना इथंच मी तिच्या बापाला धरलं होतं. साल संपूनही आजोबा सोडेनात, म्हणून तो बायको-पोरीला घेऊन पळाला होता. मी मोटारसायकलवर मागं आलो आणि एसटीच्या दारातून त्याला मनगट धरून खाली ओढलं. त्यानं हिसडासुद्धा दिला नाही. पुढं तो मेला, तो आमच्याच गोठ्यात. हे मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

अंबाजोगाईहून घाटनांदूरला जीप मिळाली. शेजारी एक मेंढपाळ होता. "पावनं, पिशवी लई गच्च धरलीय तुमी?"

"गाडी हलतीय," मी म्हणालो. जीप अजून सुटायची होती.

वैजंताची पिठाची गिरणी बाजारात लगेच सापडली. चाळिशीची बाई, भुवयांवर पीठ. मी नाव सांगितलं तशी तिनं गिरणी बंद केली. त्या शांततेत मला पळून जावंसं वाटलं.

"तुमाला कोन इसरतंय? बसा."

मी कागद पुढं केला. ती मोठ्यानं वाचू लागली. "बक्षीसपत्र. बक्षीस कावून (का)? आमी कुस्ती मारली का?" दळणाला आलेल्या बाया हसल्या.

"वकिली शब्द आहे," मी पुटपुटलो.

ती पुढं वाचता वाचता थांबली. "कैलासवासी सर्जेराव. ह्यो कोन?"

"तुमचे वडील."

"माझ्या बापाचं नाव रंगनाथ. सर्ज्या तुमचा बैल व्हता. त्यो मेला, आन त्याचं नाव माझ्या बापाला चिटकिवलं."

रंगनाथ हे माझ्या आजोबांचं नाव. आजीला नवऱ्याच्या नावानं गड्याला हाक मारता येईना, म्हणून घरानं त्याला बैलाचं नाव दिलं. मी त्याचंच 'सर्जेराव' केलं आणि मान दिला असं समजलो.

"जमीन घ्याल ना?" मी विचारलं.

"घेनार की. सोडते व्हय? पर नाव नीट लिवा. आन येत्या रविवारी पारावर वाचा, भावाच्या म्होरं. बापाला कसं धरून आनलं, तेबी सांगा. मी येते."

"भाऊ तापट आहे. मला भीती वाटते."

"माझ्या मायला रोज वाटायची. तुमी येक दिस भ्या." तिनं गिरणी चालू केली.

चार शिव्या खाऊन मोकळा होईन, अशी लबाड आशा घेऊन मी गेलो होतो. तिनं एकही दिली नाही. घरी आल्यावर बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं, मग दुरुस्त केलेला कागद वाचून दाखवला. 'रंगनाथ'पाशी आवाज फाटला. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. रविवारला अजून तीन दिवस आहेत.