छपराखालचा बर्फ

अख्ख्या अमिरातीत बर्फात जायला सगळ्यात जय्यत तयार असलेला माणूस अल मजाजमध्ये आमच्या शेजारी राहायचा, आणि बर्फ त्याने फक्त फ्रीजरमध्ये पाहिला होता. मॉलमध्ये छपराखाली केलेल्या बर्फाच्या डोंगराला हे काका मोजतच नसत. "छप्पर असलेला डोंगर कसला गं? ते कोल्ड स्टोरेज!" त्यांना खरा डोंगर हवा होता, तोही काकूंसाठी. लग्न झाल्यापासून काकूंनी नवऱ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. बेत पक्का होता: विमानाने जॉर्जियाला जायचं, सकाळी शहरातून निघायचं, दुपारी स्कीवाल्यांच्या डोंगरावर, संध्याकाळी परत. इथला रेसिडेन्स व्हिसा असला की तिथे वेगळा लागत नाही, हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. भर ऑगस्टमध्ये बर्फाचे बूट घालून खाडीकाठी चालत, मागे काकू पाण्याची बाटली घेऊन. वॉचमनने काळजीने विचारलं, "अंकल, तबियत ठीक है ना?" "ट्रेनिंग चल रहा है!"

दर हिवाळ्यात काका सुट्टी मागत, आणि कंपनीचं उत्तर ठरलेलं: "नेक्स्ट इयर, इन्शाल्ला." का? तर काकांशिवाय गोदाम कोण बघणार! यंदा सुट्टी मिळाली, तिकिटं निघाली, आणि त्याच आठवड्यात साहेब म्हणाले, वय झालं, खलास. नोकरीबरोबर व्हिसाही कॅन्सल, म्हणजे गावी चिपळूणला परत. सुट्टी मागितली की ह्यांच्यावाचून गोदाम अडायचं. माणूस काढताना बरं नाही अडलं! आता चिपळूणहून जॉर्जियाला जायचं तर नवा व्हिसा, लांबचं विमान, त्यात काकूंचे गुडघे. कोण जातंय?

ते गावी निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तणतणत त्यांच्याकडे गेले. बांधलेल्या खोक्यांवर दोघं स्वेटर, कानटोप्या, हातमोजे घालून बसलेली. एसी सोळावर.

"दार लाव आधी, थंडी बाहेर जाते," काका म्हणाले.

"काका, मी ह्या लोकांविरुद्ध पत्रक काढणार आहे. सोडणार नाही!"

"काढ गं. आधी मफलर घाल."

मी घातला. काय करणार?

काकूंनी हातमोजा काढला आणि उघडा हात एसीसमोर धरला. "अहो, तिथेही असंच गार असेल?"

"असंच," काका म्हणाले. "फक्त छप्पर नसेल."

काकूंनी वर पाहिलं. मग आम्हीही.