बॅकअपनंतरची जबानी

वस्ती समितीचा लॅपटॉप व्हायरसने पार निकामी झाला होता. आमच्या नसीमने दिवाळीआधी त्याच्या अख्ख्या सिस्टिमची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवली होती. आता नसीम तीच प्रत परत बसवत होती. पडद्यावर सूचना आली: या प्रतीनंतरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?

त्या ‘सगळं’मध्ये शीलाताईंची जबानी होती. त्यांचं घर पाडलं त्या दिवसाची, मी पत्रकासाठी टाइप केलेली.

“ताई, तुमचं जाणार बघा,” नसीम शेजारी बसलेल्या शीलाताईंना म्हणाली.

“घर पाडताना मला विचारलं होतं का कुणी, पुढे जायचं का म्हणून? दाब तू.”

नसीमने बटण दाबलं आणि पडद्यावरची पट्टी हळूहळू सरकू लागली. मला त्या यंत्राचा हेवा वाटला. एका बटणावर त्याला त्याचा धडधाकट दिवस परत मिळतो. पण त्या दिवसानंतर जे जे त्यात साठलं, ते सगळं त्याला सोडावं लागतं. जुने दिवस परत आणू म्हणणारे पुढारी भाषणात नेमकं हेच गाळतात. माणसाला असं मागे जाता येत नाही. झालेलं सगळं अंगावर घेऊनच त्याला पुन्हा बोलावं लागतं.

लॅपटॉप चालू झाला. मी कोरं पान उघडलं आणि शीलाताई पहिल्यापासून सांगू लागल्या. मागच्या वेळी त्या ‘काही माणसं आली’ एवढंच म्हणाल्या होत्या. या वेळी त्यांनी ती माणसं पाठवणाऱ्या बिल्डरचं नाव घेतलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मोठ्या अक्षरात लिही.”