एका टोपात दोन जनावरं

वकिलानं कागद वाचला आणि माझ्या पोराचं तोंड पांढरं पडलं. आमच्या टोपातून नेलेल्या मटणात दोन जनावरं निघाली होती. एक शेळी. दुसरं भेकर, आमच्या डोंगरातलं लहान हरीण. ते मारलं तर तुरुंग आहे.

"आये, तू तर बकरंच म्हणालीस की," पोरगा म्हणाला.

म्हणाले होते. जंगलखात्याच्या साहेबापुढं हात नाचवून म्हणाले होते.

खात्याची माणसं जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आली. त्या दिवशी आमच्याकडं घरोघरी मटण शिजतं आणि पाहुणे पार सांगलीपासून येतात. भेकर मारलंय आणि आमच्या आळीत शिजतंय, अशी खबर कुणीतरी दिली होती. साहेब आमच्या चुलीपाशी थांबला.

"काय शिजतंय, आजी?"

"नाकाला कळंना व्हय? बकरं. मी सोता बाजारातनं दावं धरून आणलंय."

"मग थोडं तपासायला नेतो. शिजलेल्या फोडीवरनंही जनावर कळतं आता. डीएनए म्हणतात त्याला."

"न्या की! आन् बकरंच निघालं तर जेवाय या. लय तिखट करीन."

पाहुणे हसले. पोरगाही हसला. पंधरा वर्षं फौजेत काढून तो घरी आला होता. शिरवळला एक नवा कारखाना उभा राहत होता, तो सुरू झाला की तिथं पहाऱ्याची नोकरी ठरली होती. साहेबानं पळीनं फोडी बाटलीत घातल्या, बाटलीवर लाख लावली. घर पोराच्या नावावर, म्हणून सही त्याची घेतली. घ्या त्याची सही म्हणून मीच पुढं झाले होते.

अहवाल यायला कित्येक महिने गेले. तो ऐकला तेव्हा मला पुतण्याचं भांडं आठवलं.

माझ्या मेलेल्या दिराचा हा मुलगा. त्याची आणि आमची भिंत एक. साहेब आला त्या दिवशी सकाळी पाहुणे वाढले, रस्सा पुरेना, तेव्हा तो एक लहान पातेलं घेऊन आला. "काकी, आमचंबी घ्या." जत्रेचं कालवण कुणी दिलं तर नको म्हणत नाहीत, आणि वेगळंही ठेवत नाहीत. मी ते माझ्या टोपात ओतलं. फोडी काळपट होत्या, चरबी अजिबात नव्हती. मला वाटलं, थकलेलं बकरं असेल. पातेलं राखेनं लख्ख घासलं. रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून त्यात गूळ घातला आणि साहेब यायच्या आधीच पाठवून दिलं.

हे मी वकिलाला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, ते न घासलेलं पातेलं त्याच दिवशी साहेबाच्या हातात दिलं असतंत तर काठाला चिकटलेल्या रश्श्यावरनंही कळलं असतं. आता तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही आई."

मी पुतण्याच्या दारात गेले.

"आमचं बकरंच हुतं, काकी. म्हातारपणी तुमी काय बी बोलताय."

"देवळात चल. पायरीवर हात ठिवून बोल."

"चला."

तो आला. पायरीवर हात ठेवून तेच बोलला. बाटलीतनं जनावर कळलं होतं, ते आणणारा माणूस कळला नव्हता.

खटला आहे म्हटल्यावर कारखान्यानं नको म्हणून कळवलं. पोरगा तारखांना जात राहिला. माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मी वाढलं तर खाली मान घालून जेवायचा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एकदाच म्हणाला, "निर्दोष म्हणून कागद मिळू दे, मग बघू." त्याला दुसरं काही नको होतं.

एका तारखेला कोर्टाबाहेरच्या बाकावर त्यानं पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येईपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिरडीला पुतण्यानं खांदा दिला. मी त्याला हटकलं नाही. हटकून काय मिळणार होतं?

आरोपी मयत म्हणून खटला बंद झाला. कोर्टाचा तसा कागद आला, तो मी तीन जणांकडून वाचून घेतला. निर्दोष असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

ते पातेलं ज्या दोघांच्या हातातनं गेलं ते आम्ही, मी आणि पुतण्या, अजून जिवंत आहोत.