तांदळावरचा क्रूस

ही गोष्ट साक्ष म्हणून द्यायची की कबुली म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या मंडळीत साक्ष द्यायला उभ्या राहणाऱ्या बाया बहुतेक वेळा प्रभूनं आपल्याला काय दिलं ते सांगतात. मला सांगायचंय ते वेगळं आहे, आणि त्यात मी काही फार चांगली दिसत नाही. मी मुळातच संशयी बाई. दूधवाल्यानं हसून सलाम केला तरी आज दुधात पाणी जास्त असणार, असं माझ्या मनात येतं. आमचे हे मला थोमाबाई म्हणायचे. थोमानं निदान प्रभूच्या जखमेत बोट घालून बघितल्यावर तरी विश्वास ठेवला, तू तर बोट घालूनही नखं तपासशील, असं वर म्हणायचे.

हे परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. चार साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. आमचं बिऱ्हाड लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. चाळीत बाकी सगळे कोकणातले. संप सुरू झाला तेव्हा थंडीचे दिवस होते आणि आठवडा-पंधरा दिवसांत मिटेल असं जो तो म्हणत होता. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आला तरी गिरणीचा भोंगा वाजला नव्हता. त्या रविवारी पाळकांनी सांगितलं की येशू यरुशलेमात शिरला तेव्हा लोक होसान्ना ओरडत होते खरे, पण त्यांना हवा होता रोमी लोकांना हाकलून देणारा राजा. आणि हा आला गाढवावर बसून. मी बाकावर बसून मनात म्हटलं, आमच्या नाक्यावर तरी वेगळं काय चाललंय? गेटावर रोज तेच बोलणं, आज पुढारी येणार, उद्या येणार, तो आला की सगळं ठीक होणार. हेही सकाळी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून गेटावर जाऊन बसायचे. माझा त्या पुढाऱ्यावर काडीचा भरवसा नव्हता. पण खरं सांगायचं तर मीही तेच करत होते. फक्त माझं गेट देवळात होतं. दर गुरुवारी दुपारी महिला मंडळाच्या प्रार्थनेला जायचे आणि प्रभूला एकच मागायचे, संप मिटव, यांना साच्यावर परत घाल. तो काहीच करत नव्हता, आणि मला त्याचाही संशय यायला लागला होता.

पाऊस संपत आला तोवर यांनी गेटावर जाणं सोडलं होतं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. विचारलं तर हूं की चूं नाही. आधी घरात पाऊल टाकलं की यांचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू यायचं, एवढा मोकळा माणूस. खायला कमी पडतं याची सवय होते, पण बारा वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस डोळ्यांदेखत विझत चाललाय हे बघणं मला सोसवत नव्हतं. चाळीत अशीच एक-दोन माणसं मी बघितली होती, आणि त्यांचं पुढं काय झालं तेही. म्हणून भीती वाटायची.

आता मुठीबद्दल सांगते. आमच्या सासूबाईंची जुनी रीत होती. स्वयंपाकाला तांदूळ घेताना आधी एक मूठ प्रभूची म्हणून वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या बाया आपापले डबे देवळात नेऊन ओतायच्या, आणि ते धान्य अडल्यानडल्याकडे जायचं. सासूबाई मोठ्या डब्यातले तांदूळ हातानं सारखे करायच्या आणि त्यांच्यावर बोटानं क्रूस काढायच्या. मी सून म्हणून आले तेव्हापासून हे बघत होते. त्या गेल्यावर मीही मूठ काढत राहिले, पण श्रावणाच्या सुमारास थांबवली. रेशनवर मिळतं त्यात आमचंच भागेना. म्हटलं, प्रभूला आमची अवस्था दिसत असेल तर तो समजून घेईल, आणि दिसत नसेल तर त्याला मूठ तरी कशाला. देवळात सांगायचे, डबा घरी विसरले. तीनदा तेच सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला वाटायला लागलं की तांदूळ कमी होताहेत. स्वयंपाकाला मी मोजून घेत होते, तरी डबा लवकर रिकामा होतोय असा संशय जाईना. तेव्हा मी एक युक्ती केली. सासूबाईंसारखे तांदूळ सारखे केले आणि वर बोटानं क्रूस काढून ठेवला. त्यांचा क्रूस आशीर्वादाचा असायचा. माझा कुलपासारखा होता. कुणी हात घातला तर कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर क्रूसाच्या बरोबर मधोमध खळगा. एका मुठीचा. मी परत सारखं केलं, परत क्रूस काढला. तिसऱ्या दिवशी परत तेच, आणि पुढं रोजच. पाणी कुठं मुरतंय ते शोधायचंच, असं मी ठरवलं.

यांच्यावर संशय यायचा प्रश्नच नव्हता. या माणसाला घरात मीठ कुठं ठेवतात तेही ठाऊक नव्हतं. उरल्या शेजारच्या सुलोचनावहिनी, मालवणकडच्या. आमची दारं दिवसभर उघडी, मी पाण्याला खाली गेले की त्यांचं लक्ष आमच्या घरावर असायचं. त्यांचेही यजमान संपातच. मी त्यांना सरळ काही म्हटलं नाही, पण दार लोटून घ्यायला लागले, आणि एकदा नळावर चार बायांत बोलले की हल्ली भूक लागली की माणसाला आपला डबा आणि दुसऱ्याचा डबा कळेनासा होतो. वहिनींनी कळशी खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला नाही.

"माका टोमणे मारतस, त्यापेक्षा तुझ्या घोवाक इचार," त्या म्हणाल्या. "दर गुरवारी तू देवळात गेलंस काय तो पिशवी घेवन खंय जाता ता."

भिंतीकडे तोंड करून पडणारा माणूस मी गेल्यावर उठतो आणि कुठंतरी जातो, हे मला बाहेरच्या बाईकडून कळावं? मग डोक्यात चक्र सुरू झालं. त्या दिवसांत काही गिरण्यांत माणसं गुपचूप कामावर जात होती. त्यांना लॉरीत घालून नेतात, काहींना आतच ठेवतात, ते तिथंच शिजवून खातात, असं लोक बोलायचे. पिशवी, तांदूळ, गुरुवार, सगळं जुळत होतं. हे फितूर झाले होते! चाळीला कळलं असतं तर आमच्या घरचं कुणी पाणीही प्यायलं नसतं, आणि यांना रस्त्यात गाठून मारलं असतं. एवढी भीती वाटली, आणि तरी कबूल करते, अर्धं मन म्हणत होतं की जाऊ दे, कसंही का होईना, साच्यावर तर गेले. मी तेच तर मागत होते देवाजवळ.

पुढच्या गुरुवारी मी देवळात जाते सांगून निघाले आणि समोरच्या बोळात उभी राहिले. थोड्या वेळानं हे पिशवी घेऊन उतरले. परळकडे न वळता काळाचौकीच्या रस्त्याला लागले. मी अंतर ठेवून मागं. शिवडीच्या गोदामांकडे वळले तेव्हा माझी खात्रीच झाली की लॉरी तिथून सुटत असणार, म्हणजे ओळखीचं कुणी बघायला नको. ऊन रणरणत होतं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. कोळीवाड्याजवळ पोचता पोचता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी एका भिंतीला धरून खाली बसले.

तिथं एक कोळीण सुकट वाळत घालत होती. आडवा बांधा, नाकात नथ, कमरेला पदर खोचलेला. तिनं हातातलं टाकलं, मला धरून सावलीत नेलं, पाणी दिलं आणि भाकरीचा तुकडा हातात कोंबला. मला पहिला विचार आला तो असा, की ही माझ्याशी इतकी गोड का वागते, हिला काय हवंय? मी बांगड्या पदराखाली झाकून घेतल्या. लाज वाटते लिहायला, पण झाकल्या.

"कुणाच्या मागं आलीस गो बाय?" तिनं विचारलं. मी दूरवर जाताना दिसणाऱ्या यांच्याकडे बोट केलं. तशी ती हसली. "यो? यो तर आमचा मुठीवाला. दर गुरवारी येतो, त्या पत्र्याच्या खोलीत. यानं नसतं आणलं तर त्या घरातल्या पोरी उपाशी निजल्या असत्या."

मी पत्र्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. आत बाबी होता. बाबी म्हणजे यांचा बदली. आमच्या गिरणगावात रोज सकाळी गेटावर बदलीवाले उभे राहायचे. कायमचा माणूस गैरहजर असला की त्याच्या साच्यावर बदलीला घ्यायचे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा हे चार महिने धड कामावर जाऊ शकले नव्हते, आणि बाबीनं यांचे साचे असे चालवले की यांची जागा गेली नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. संपात त्या बाबीचं काय झालं असेल, हा विचार मात्र मला एकदाही शिवला नव्हता. तो चटईवर पडला होता, छातीनं आजारी, खोकून खोकून पिंजलेला. बायको कुणाकडे तरी भांडी घासायला गेली होती. आणि आमचे हे, ज्यांना मीठ कुठं असतं ते ठाऊक नव्हतं, ते मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते आणि बाबीच्या दोन पोरींना काहीतरी सांगून हसत होते. मोठ्यानं, पूर्वीसारखं. किती महिन्यांनी मी ते हसणं ऐकलं. भांडायला आले होते मी, पण उंबऱ्यातच थांबले.

बाहेर आल्यावर मी एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलंत? त्यांना माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं.

"तुला सांगायचं काय त्यात? तूच तर रोज क्रूस काढून ठेवतेस," ते म्हणाले. "लहानपणी आई असंच करायची. क्रूस ती काढायची आणि मूठ आम्हा पोरांना काढायला लावायची. म्हणायची, देवाचा वाटा ज्याचा त्यानं काढायचा. तू तोंडानं बोलली नाहीस, पण मी समजलो. म्हटलं, ही मला उठवते आहे."

म्हणजे त्याआधी डब्याला कुणी हातच लावला नव्हता, चोर नुसता माझ्या मनात होता. चोर पकडायला म्हणून काढलेला क्रूस, त्याला हा माणूस बोलावणं समजला होता आणि त्या बोलावण्यावर उठून चालायला लागला होता. मी म्हटलं, तुम्ही तर गेटावर बसून वाट बघत होतात ना? त्यावर ते चालता चालता म्हणाले, "किती दिवस नुसतं बसायचं? येणारा आला, तरी आधी हेच विचारील, की बाबीचं काय केलंस." ते पुढाऱ्याबद्दल बोलत होते की प्रभूबद्दल, हे मी विचारलं नाही.

घरी आल्यावर सुलोचनावहिनींच्या दारात जाऊन मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं, दोन शिव्या दिल्या आणि आपल्या डब्यातली मूठ आणून माझ्या पदरात टाकली. गावच्या दैवताचं नाव घेऊन म्हणाल्या, माझ्या रवळनाथाच्या नावान घे. मग चाळीतल्या आठ-दहा घरांतून मूठ यायला लागली. पिशवी मोठी झाली, आणि गुरुवारी आम्ही दोघं मिळून शिवडीला जायला लागलो. महिला मंडळात मी उभी राहून सांगितलं की डबा विसरत नव्हते, खोटं बोलत होते. पहिल्या रविवारी देवळात पाळकांना रवळनाथाची मूठ चालेल का, अशी शंका मला होतीच. त्यांनी ती सगळ्यांत आधी ओतून घेतली.

मी मागितलेलं मात्र मिळालं नाही. संप कधी संपला, हे कुणाला नेमकं सांगता येत नाही. तो मिटला नाही, विरला. यांचे साचे परत आले नाहीत. पुढं शिवडीच्याच एका गोदामात यांना पहाऱ्याचं काम लागलं. बाबी त्या हिवाळ्यात गेला. त्याच्या पोरी मोठ्या झाल्या, त्यांच्या लग्नात आम्ही मामा-मामी म्हणून उभे राहिलो. मला हवा होता तसा तारणारा आला नाही. जो आला तो माझ्याकडेच हात पसरून आला, आणि माझ्या नवऱ्याला भिंतीपासून उठवून घेऊन गेला. मी तेव्हा त्याला ओळखलं नाही, उलट चोर समजून त्याच्या मागावर गेले.

क्रूसाची खरी गोष्ट मी यांना कधीच सांगितली नाही. इतकी वर्षं रोज संध्याकाळी मी तांदूळ सारखे करून क्रूस काढायचे आणि सकाळी हे मूठ काढायचे. मला थोमाबाई म्हणायचे, आणि वर सांगायचे, पण त्या वर्षी तूच मला उठवलंस हो. सांगितलं असतं तर ते हसलेच असते, हे मला ठाऊक आहे. तरी धीर झाला नाही. म्हणून इथं लिहिते आहे.

यांना पुरून आलो, त्या संध्याकाळी सवयीनं मी डब्यात क्रूस काढून ठेवला. सकाळी झाकण उघडलं. क्रूस जसाच्या तसा होता, एक दाणा हललेला नव्हता. आयुष्यभर मला तेवढंच तर हवं होतं, की माझ्या डब्याला कुणी हात लावू नये. मी डब्यापाशी बसून पोटभर रडले. मग प्रभूचे आभार मानले, क्रूसाच्या मधोमध हात घातला आणि मूठ काढली.